थंडी नक्की कधी गेली? तुमच्या परसातली पहिली खूण सांगा

ओसरी | २ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:४०

आज वसंतपंचमी म्हणे. मी मात्र पायात मोजे, अंगावर शाल अशी मागच्या दारात बसून चहा पितेय. वसंत अजून सोसायटीच्या फाटकातून आत आलेला दिसत नाही.

आमचं घर पुण्यात, तळमजल्यावर. मागे जेमतेम दहा फूट रुंदीची पट्टी आहे, तिला आम्ही मोठ्या तोऱ्यात 'परस' म्हणतो. तिथे एक कडुनिंब (सोसायटीचा, पण पानं आमच्या वाट्याला), शेजारच्या भिंतीवरून डोकावणारा शेवगा, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता आणि कपडे वाळत घालायची दोरी. दरवर्षी मी ठरवते की थंडी जाते तो दिवस पकडायचा, आणि दरवर्षी तो निसटतो. एक दिवस अचानक लक्षात येतं की अरे, गेले आठ दिवस आपण पंखा लावून झोपतोय.

तर प्रश्न असा : तुमच्या अंगणात, परसात, गॅलरीत थंडी संपल्याची पहिली खूण कोणती? कॅलेंडरातली नको, डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली सांगा.

ता. क. जास्वंदीवर रोज एक चिमुकला पक्षी येतोय. वरून मळकट हिरवा, पोट पिवळसर, चोच बाकदार. आणि गळ्यापासून पोटापर्यंत बरोबर मधोमध एक काळी पट्टी, टाय लावल्यासारखी. हा कोण बाबा?

---

चिंगी | २ फेब्रुवारी, ९:०२

टाय लावलाय म्हणजे आयटीतला असणार. पुणेच ना?

---

पंचांगवाले | २ फेब्रुवारी, ९:३१

वसंतपंचमी माघात येते आणि माघ हा शिशिरातला महिना, त्यामुळे तुमचे मोजे शास्त्रशुद्ध आहेत. परंपरेने वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, यंदा चैत्र ३० मार्चला लागतोय. पण सूर्याच्या प्रत्यक्ष स्थितीवरून, म्हणजे सायन पद्धतीने मोजलं तर वसंत १८-१९ फेब्रुवारीलाच सुरू होतो. सायन आणि निरयन (म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजायची) या दोन पद्धतींत सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय, त्यात चांद्रमहिने मागेपुढे सरकतात, त्यामुळे हा घोळ. आता कोणता वसंत धरायचा ते तुम्हीच ठरवा.

---

दुर्बीण | २ फेब्रुवारी, १०:१५

ओसरी, तो जांभळ्या शिंजीराचा (सूर्यपक्षी) नर आहे. विणीच्या हंगामात हाच पठ्ठ्या निळा-जांभळा चमकतो. विणीनंतर तो रंग टाकून देतो आणि हिवाळाभर जवळपास मादीसारखा राहतो. फक्त गळ्यावरची काळी रेघ राहते. तुम्ही पहिली खूण कोणती म्हणून विचारताय ना, तुमच्या जास्वंदीवरच लटकतेय ती. त्या रेघेवर नजर ठेवा. ती रुंद व्हायला लागेल, मग अंगभर गडद ठिपके उमटतील. काही दिवस तो अगदी भिजलेल्या घोंगडीसारखा दिसतो, आणि मग एका सकाळी ऊन पडलं की डोळे दिपतात.

---

वऱ्हाडी_ठेचा | २ फेब्रुवारी, ११:४८

काहून वसंत वसंत करता बाप्पा? आमच्या अकोल्यात तीनच ऋतू. उन्हाळा, कडक उन्हाळा, आन् उन्हाळ्यात पडणारा पाऊस. थंडी म्हंजे दिवाळी ते संक्रांत पाव्हणी येते, हुरडा खाते आन् जाते. मार्चअखेर पारा चाळिशीवर. वसंत पुण्या-मुंबईच्या कवितेत असंन, आमच्याइकडं नाई.

---

खारुताई | २ फेब्रुवारी, १२:२०

@वऱ्हाडी_ठेचा 😄

मी ठाण्यात, सातवा मजला, परस म्हणजे ग्रिलमधल्या अकरा कुंड्या. माझी खूण म्हणजे कोकीळ. आणि यंदा तो २६ जानेवारीलाच ओरडला! नक्की आठवतंय कारण खाली झेंडावंदन चालू होतं. हवामान बिघडलंय हेच खरं.

---

दुर्बीण | २ फेब्रुवारी, १३:०५

कोकीळ थंडीत कुठे जात नाही, इथेच असतो. फक्त गप्प असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की तो 'आला'. मधेच एखादा गळा साफ करून बघतो. जानेवारीतली एक हाक म्हणजे ऋतू बदलला असं नाही. नीट ऐका, सुरुवातीचा आवाज घोगरा, अर्धवट असतो, दोन-तीन 'कुहू' झाले की शेवटचा गिळतो. पहाटे चारला पूर्ण सप्तक चढवून झोप मोडायला लागला की समजा.

---

चिंगी | २ फेब्रुवारी, १३:११

आमच्याकडे नवऱ्याचंही असंच आहे. हिवाळाभर गप्प, मार्चमध्ये 'कर वाचवायला काही केलंय का' म्हणून पहाटेपासून ओरड.

---

हापूसचा_बाप | २ फेब्रुवारी, २१:३०

नमस्कार मंडळी. मुक्काम राजापूर तालुका. आमच्याकडे वसंत बघायला वर मान करावी लागते, कारण सगळं मोहोरावर चालतं.

थंडी गेली की बरं वाटतं असं तुम्ही लिहिताय. आम्हाला थंडी हवी पण असते आणि नको पण असते. डिसेंबरात ती हवी, त्याशिवाय झाड मोहोरत नाही. पण फळ कणीएवढं, वाटाण्याएवढं झाल्यावर पुन्हा कडाका आला तर झाड त्याच फांदीला दुसऱ्यांदा मोहोर काढतं. आम्ही त्याला पुनर्मोहोर म्हणतो. बघायला सुंदर, आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा, कारण झाडाची ताकद नव्या फुलांकडे गेली की आधीची फळं गळतात. सकाळी झाडाखाली वाटाण्याएवढे आंबे सांडलेले दिसले की तो दिवस कोणाशी बोलू नये.

तर माझी खूण ऐका. घरामागच्या रायवळाखाली लाकडी बाकडं आहे. फेब्रुवारीत एका सकाळी त्यावर बसलो की लेंगा चिकटतो. मोहोरावरचे तुडतुडे रस पितात आणि वरून गोड चिकटा सोडतात. पानंसुद्धा तेलात बुडवून काढल्यासारखी चकाकतात. फांदीला टाळी मारली तर तुडतुडे पावसाच्या सरीसारखे तडतडतात. लेंगा चिकटला की थंडी संपायला आली. गेली तीस वर्षं ही खूण चुकलेली नाही.

---

ओसरी | ३ फेब्रुवारी, ७:५०

लेंगा चिकटला की थंडी संपली! 😂 हे पंचांगात छापायला हवं.

दुर्बीण, धन्यवाद. आज टायवाल्याला दहा मिनिटं निरखलं. जास्वंदीच्या फुलात समोरून तोंड घालत नाही हो तो, देठाजवळ बाजूने भोक पाडतो आणि मध चोरतो. फुलावर परागकणांचा गोंडा तसाच. रीतसर दारातून न येता खिडकीतून येणारा पाहुणा. रेघ अजून माझ्या करंगळीच्या नखाएवढीच रुंद.

---

अटक_पार | ३ फेब्रुवारी, ८:१५ (आमची २ तारखेची रात्र)

न्यू जर्सीतून लिहितोय. तुम्ही मोजे म्हणताय, इथे मागच्या अंगणात गुडघ्याखाली बर्फ. इथल्या वसंताचं भाकीत आजच झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पंक्सटॉनी नावाच्या गावी दर २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉग, म्हणजे आपल्या घुशीचा गुबगुबीत मावसभाऊ समजा, बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर अजून सहा आठवडे हिवाळा. आज दिसली. या प्राण्याचा एक भाईबंद उन्हाळ्यात माझी सगळी भेंडी खातो, त्यामुळे त्याच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही.

माझी खरी खूण घरात आहे. कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरात आत घेतो. जानेवारीपर्यंत तिची सगळी पानं गळतात आणि बायको दरवर्षी म्हणते, 'मेला हा, टाक.' मी टाकत नाही. बाहेर बर्फ असतानाच फेब्रुवारीच्या शेवटी कधीतरी दक्षिणेच्या खिडकीतल्या त्या काटकीवर तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका येतो. घरातला उबारा तर हिवाळाभर तोच असतो. बदलतो तो उजेड. दिवस मोठा झाल्याचं त्या झाडाला माझ्या आधी कळतं. अजून ठिपका नाही. कळवीन.

---

जुनी_खोड | ४ फेब्रुवारी, ६:३०

वाई. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर परीट पक्षी असतात. शेपटी सारखी वरखाली आपटत चालतात, धोबी कपडे आपटतो तसे, म्हणून परीट. गणपती-नवरात्राच्या दिवसांत येतात, शिमग्यानंतर कमी कमी होत जातात आणि पाडवा उलटला की एकही नाही. येताना सगळ्यांच्या लक्षात येतं. जाताना कोणी सांगून जात नाही. माझ्या मते थंडी संपल्याची खूण कोण आलं ही नसून कोण गेलं ही आहे.

---

खारुताई | ४ फेब्रुवारी, ९:००

काका, काय लिहिलंत.

---

साधा_माणूस | ६ फेब्रुवारी, १०:१०

सगळे निसर्गकवी जमलेत म्हणून विचारतो. हा पालापाचोळा कोण उचलणार? आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च म्हणजे करंज, शिरीष, कडुनिंब सगळे मिळून कचरा करतात. सफाईवाल्या मावशी सकाळी झाडतात, दहा वाजता पुन्हा तेवढंच. वसंतात म्हणे पालवी फुटते. आमच्याकडे तर सगळं गळतंय.

---

ओसरी | ६ फेब्रुवारी, ११:२५

साधा_माणूस, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. मला हेच वाटतं की शाळेत आपल्याला चुकीचा वसंत शिकवला. हिवाळ्यात झाडं उघडी, मग वसंतात पालवी. ते अटक_पार यांच्या गावाला ठीक. आपल्याकडे थंडीत झाडं हिरवीगार असतात आणि थंडी ओसरताना, ऊन चढायला लागल्यावर पानं टाकतात. गळणं आणि फुटणं एकाच फांदीवर चालू असतं. माझ्या कडुनिंबाची शेंड्याकडची पानं पिवळी पडून गिरक्या घेत चहात पडतात, त्याच वेळी दुसऱ्या फांदीच्या टोकाला तांबूस कोंब. त्यामुळे वऱ्हाडी_ठेचा म्हणतात की आपल्याकडे वसंत नाही, ते मला पटत नाही. तो आहे, फक्त केर काढत येतो.

---

दुर्बीण | ६ फेब्रुवारी, १४:४०

बरोबर. पानं टाकायचं कारण आपल्याकडे थंडी कमी आणि कोरड जास्त. पुढचे चार महिने पाणी नाही, जुनी पानं पोसणं महाग, म्हणून झाड खर्च कमी करतं. गंमत म्हणजे तरीही पाऊस यायच्या कितीतरी आधी नवी पानं काढतं. कोवळ्या पानांचा तांबडा रंग उन्हापासून संरक्षण म्हणून असतो, हिरवेपणा नंतर भरतो. पिंपळाची नवी पानं उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघा, तांब्याच्या पत्र्यासारखी दिसतात.

आणि पळस, काटेसावर, पांगारा हे तर पानं टाकून मगच फुलतात. पानांचा पडदा नसला की लाल फूल लांबून दिसतं आणि पाखरांची रीघ लागते. आमच्या नाशकात रस्त्याकडेच्या सावरीवर काल अर्ध्या तासात पळस मैना, साळुंक्या, बुलबुल, कावळे, चष्मेवाले, शिंजीर आणि दोन खारी. मधाचा बार होता तो.

---

वऱ्हाडी_ठेचा | ६ फेब्रुवारी, २०:०५

पळसाचं नाव काढलं म्हून थांबतो. मेळघाटाच्या वाटेवर पळस फुलला की डोंगर पेटल्यासारखा दिसते, हे कबूल. पण लेकहो, त्याले आम्ही उन्हाळ्याचा निरोप म्हणतो, वसंताचा नाई.

---

साधा_माणूस | ७ फेब्रुवारी, ८:००

केर काढत येतो, पण केर उचलत नाही ना. आमच्या शेजारच्या सोसायटीत रोज सकाळी पानं पेटवतात. खोकून जीव जातो.

---

खारुताई | ७ फेब्रुवारी, ८:४५

अहो, उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, पाच हजार दंड आहे. सांगा त्यांना. आणि पानं द्या मला! माझ्या कुंड्यांत आच्छादन म्हणून एक इंच वाळकी पानं घातली की एप्रिलमध्ये दोन वेळचं पाणी एकावर येतं.

---

ओसरी | ७ फेब्रुवारी, ९:१०

पुण्यात 'ब्राउन लीफ' म्हणून चळवळ आहे. ज्यांना पानं नकोत आणि ज्यांना हवीत त्यांची गाठ घालून देतात. मी दोन वर्षांपूर्वी नऊ पोती दिली होती. घ्यायला आलेल्या काकू इतक्या खूश की मला वाटलं आपण चुकून तांदूळ दिला की काय.

---

चिंगी | ७ फेब्रुवारी, ९:१४

साधा_माणूस ❤️ खारुताई. पाचोळ्यातून जुळलेलं नातं.

---

दुर्बीण | १३ फेब्रुवारी, १८:००

धागा वर काढतो. उद्यापासून १७ तारखेपर्यंत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट आहे. अमेरिकेत १९९८ साली सुरू झाली, २०१३ पासून जगभर चालते. कुठेही जायचं नाही. आपल्या परसात, गच्चीत, गॅलरीत किमान पंधरा मिनिटं बसायचं, जे पक्षी दिसतील ते मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचे. कावळा-कबुतरंसुद्धा मोजायची, लाजायचं नाही.

ज्यांची मान दुखते त्यांच्यासाठी 'सीझनवॉच' आहे. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं किती ते नोंदवायचं. झाड उडून जात नाही, ही मोठीच सोय.

---

खारुताई | १५ फेब्रुवारी, ८:३०

केलं! सातवा मजला, पंधरा मिनिटं : कबुतरं ३१ (एक माझ्या कुंडीत बसलेलं धरून), कावळे ६, घारी २, पोपट ४, दयाळ १. दयाळ समोरच्या इमारतीच्या डिश अँटेनावर बसून असा गात होता की शेवटी मी दूध उतू घालवलं. हिवाळ्यात हाच नुसता 'चर्र चर्र' करायचा.

---

जुनी_खोड | १६ फेब्रुवारी, ६:१०

दयाळ गायला लागला म्हणजे ठाण्यातही लागला वसंत. अभिनंदन. उतू गेलेल्या दुधाबद्दल सहानुभूती.

घाटावर परीट ५.

---

ओसरी | १६ फेब्रुवारी, ११:००

माझी यादी छोटी. पण एक शोध लागला. गेले दोन आठवडे ज्याला मी समोरच्या बांधकामावरचा हातोडा समजत होते, टुक टुक टुक टुक, तो तांबट निघाला! आज रविवार, बांधकाम बंद आणि टुक टुक चालूच, तेव्हा ट्यूब पेटली. शेवग्याच्या वाळक्या फांदीवर होता. हिरवा, कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळा रंग. चोच बंद ठेवूनच आवाज काढतो, गळ्याची पिशवी तेवढी फुगते. दर टुक्‌ला मान वेगळ्या दिशेला वळवतो, त्यामुळे आवाज कधी इकडून, कधी तिकडून येतो असं वाटतं.

टायवाला : रेघ आता बोटाएवढी, आणि खांद्यावर एक निळा ठिपका. ऊन पडल्यावरच दिसतो.

---

दुर्बीण | १६ फेब्रुवारी, ११:४०

ती वाळकी फांदी कोणाला तोडू देऊ नका. तांबट अशाच मऊ, कुजट लाकडात चोचीने बीळ कोरतो.

---

साधा_माणूस | १६ फेब्रुवारी, १२:०२

आमच्याकडे मागच्या आठवड्यातच पावसाळ्यापूर्वीची म्हणून छाटणी झाली. फेब्रुवारीत. पावसाळ्यापूर्वीची. एक शब्द बोलत नाही.

---

अटक_पार | २७ फेब्रुवारी, ७:३०

ठिपका आला!!! कढीपत्ता जिवंत. बायकोला बोलावून दाखवला, तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाली, 'धूळ आहे ती.' उद्या कळेल.

बाहेर बर्फ वितळतोय. दिवसा शून्याच्या वर, रात्री खाली. मेपल झाडांचा रस वाहतो तो याच दिवसांत. समोरचा म्हातारा खोडाला नळी ठोकून बादली लावून बसलाय, अगदी आपल्याकडचा ताडीवाला.

---

वऱ्हाडी_ठेचा | २८ फेब्रुवारी, १३:३०

अकोला, दुपार. कूलरची घास बदलून झाली. वसंत आला काय कोणाकडं? आमचा कूलर आला.

---

पंचांगवाले | १ मार्च, २०:१५

वऱ्हाडी_ठेचा यांच्या बाजूने एकदा बोलतो. हवामान खात्याच्या म्हणण्यानुसार नुकताच संपलेला फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. तेव्हा कूलर यंदा पंचांगापेक्षा बरोबर.

---

हापूसचा_बाप | २ मार्च, २१:०५

उष्णतेचं आम्हाला विचारा. फळ सुपारीएवढं आहे आणि वरून भट्टी. सुपारीच्या आकारात ऊन चढलं की देठ सुकतो. बाकडं यंदा १२ फेब्रुवारीलाच चिकटलं, एरवी विशीनंतर.

पण बायको म्हणते रडगाणं पुरे. काजूला बोंडू लागलेत, वाडीभर तो आंबूस-गोड वास आहे, आणि आज ओल्या काजूगरांची उसळ होती. गर सोलताना चिकाने बोटं सोलवटलीत, हे टंकतानाही चुरचुरतंय. तरी तक्रार नाही.

---

चिंगी | २ मार्च, २१:०९

ओल्या काजूची उसळ असं नुसतं लिहून निघून जाणं हा गुन्हा आहे. पत्ता द्या.

---

खारुताई | ५ मार्च, १०:५०

मदत! कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी होतं, झटकायला गेले तर ते चाललं. दुसऱ्या पानावर हिरवा जाडजूड सुरवंट, त्याला काडी लावली तर डोक्यातून लाल शिंगं काढली आणि घाण वास सोडला. मारू का?

---

दुर्बीण | ५ मार्च, ११:१५

थांबा!! दोन्ही एकाच जातीचे असणार, बहुधा कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी शिटेचं सोंग, म्हणजे पाखरं खात नाहीत. मोठी झाली की हिरवी. आपल्या राज्य फुलपाखराचे, ब्लू मॉरमॉनचे, हे जवळचे नातलग. महाराष्ट्राने त्याला २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलं, असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य.

---

खारुताई | ५ मार्च, ११:३२

म्हणजे फोडणीला आता वाण्याकडचा कढीपत्ता आणायचा. ठीक. अकरा कुंड्यांतली एक त्यांची.

---

अटक_पार | ६ मार्च, ५:४०

खारुताई, तुमचा कढीपत्ता अळ्या खातात आणि तुम्ही परवानगी देता? मी इथे एकेक पान मोजतोय! (आता पाच आहेत. धूळ नव्हती.)

---

जुनी_खोड | १५ मार्च, ६:२०

होळी जळाली, थंडी पळाली. परवा रात्री होळीसमोर उभा राहिलो तेव्हा पाठीलाही ऊब होती. लहानपणी होळीला पुढून भाजायचं आणि मागून कुडकुडायचं, मग पाठ फिरवायची. यंदा पाठ फिरवावी लागली नाही. हे मला फारसं बरं वाटलं नाही.

घाटावर परीट २.

---

साधा_माणूस | २० मार्च, ९:००

आज जागतिक चिमणी दिवस. २०१० पासून साजरा होतो आणि त्याची कल्पना नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची. दुर्बीणराव तुमचेच गाववाले. आमच्या मीटरच्या पेटीमागे जोडी आहे. मी काड्यांचा कचरा झाडत नाही सध्या. हसू नका.

---

चिंगी | २० मार्च, ९:०३

कोणीही हसत नाहीये. (सगळे हसतायत.)

---

वऱ्हाडी_ठेचा | २३ मार्च, ६:४५

सक्काळी सक्काळी एक गोष्ट कबूल करतो. आज मामाच्या गावाले होतो, मेळघाटाच्या पायथ्याशी. पहाटे पाच वाजता मोहाखाली गेलो. फुलं रातभर झडत असते, टप् टप् टप्, अंधारात नुसता आवाज. जमिनीवर सडा, पिवळट, मण्यासारखी फुगीर, गोड वास असा की डोकं जड व्हावं. मामी टोपलीत वेचत होती. मी बी वेचली. हवा गार होती, अंगावर काटा आला. सात वाजता ऊन आलं आन् संपलं सारं.

तर आमच्याइकडं वसंत हाय. पहाटे पाच ते सात.

---

ओसरी | २३ मार्च, ७:३०

वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या या पोस्टसाठी हा धागा काढला होता असं समजते.

---

हापूसचा_बाप | २३ मार्च, २१:४०

दोन तास तरी आहे ना. आमच्याकडे तेवढ्या वेळात फवारणी उरकावी लागते.

---

ओसरी | २९ मार्च, १०:२०

उद्या पाडवा. मूळ प्रश्नाकडे येते, कारण उत्तर मिळालंय आणि अडचणही झालीये.

टायवाल्याचा टाय ११ मार्चला संपला. म्हणजे दोन्हीकडून इतका रुंद होत गेला की टाय कुठे आणि कोट कुठे हे कळेना. मधले आठ-दहा दिवस खरंच भिजल्या घोंगडीसारखा होता, एक बाजू निळी, एक मळकी, शिंप्याकडून अर्धवट उसवून आणल्यासारखा. आता पूर्ण निळा-काळा, मान वळवली की जांभळा. वहीत मागची वर्षं चाळली तर मी कुठेच या पक्ष्याची नोंद केलेली नाही. दरवर्षी तो इथेच कपडे बदलत असणार आणि मी कॅलेंडर बघत असणार.

अडचण अशी की गेल्या सोमवारपासून कपड्यांच्या दोरीच्या टोकाला, खुंटीजवळ, एक लोंबतं काहीतरी तयार होतंय. आधी वाटलं कोळिष्टक, झटकणारच होते. मग मादी चोचीत कापसाचा पुंजका घेऊन आली. कोळ्याचे धागे, वाळकी पानं, सालपटं, अळीची विष्ठा आणि होळीच्या दिवशी उडालेल्या गुलाबी पताकेची एक चिंधी. बाजूला दार, दारावर छोटंसं छप्पर. ती आत बसून छाती दाबत गोल फिरते, भिंती आतून गोल करते. नर शेवग्यावर बसून गातो.

दोरी बंद. चौघांचे कपडे, उद्या सण, सासूबाईंची नऊवारी. कुठे वाळत घालू?

---

चिंगी | २९ मार्च, १०:२६

म्हणजे घर तिनं एकटीनं बांधायचं आणि हा नवा कोट घालून गाणी म्हणणार. टाय बघूनच मला संशय आला होता.

---

दुर्बीण | २९ मार्च, १०:४०

पिल्लं झाली की भरवायला येतो हो तोही. दोरीला हात लावू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. साधारण महिना-सव्वा महिना धरा.

---

जुनी_खोड | २९ मार्च, १८:०५

नऊवारी गच्चीत घाला, दोन काठ्यांवर. कडुनिंबाला फुलोरा आला असेल तर उद्या पानांबरोबर थोडी फुलंही घ्या, चटणीचा कडूपणा सोसतो.

आज घाटावर परीट नाही.